शेवटचा फर्मा

पुस्तक बांधणाऱ्याने पुस्तक वाचू नये, असा बाइंडरकाकांच्या उस्तादांचा दंडक होता. "अक्षरावर डोळा गेला की हात चुकतो," उस्ताद बजावीत, "आणि हात चुकला की पानं मागेपुढे होतात, लग्न आधी लागतं, ओळख मागाहून होते." काकांनी तो दंडक अठ्ठेचाळीस वर्षे व्रतासारखा पाळला. कायद्याचे जाडजूड खंड, वैद्यकाचे कोश, काव्यसंग्रह, कादंबऱ्या, सारे त्यांच्या हातांखालून गेले. ग्रंथ त्यांना वजनावरून कळे, कागदाच्या स्पर्शावरून कळे, तो खळ किती पितो यावरून कळे. आत काय लिहिले आहे हे मात्र, पालखीच्या भोयाला आत बसलेल्याच्या मनातले जितके कळावे, तितकेच.

त्यांचे दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. रस्त्याकडे उघडणारे रुंद दार, दारालगत उंच लाकडी मेज, मेजावर दाभणे, दोऱ्याची रिळे, खळीचे पातेले. कोपऱ्यात पुस्तके दाबायचा लोखंडी शिकंजा, ज्याचा दांडा फिरवताना अलीकडे शिकंज्याआधी काकांचा खांदाच कुरकुरत असे. पडद्यापलीकडे राहती खोली. तीत एक पलंग, एक कपाट, एक खुर्ची. पत्नीला जाऊन अकरा वर्षे झाली होती. पण पलंगाच्या भिंतीकडच्या अर्ध्या भागावर काका अजूनही अंग टाकीत नसत.

त्या दिवशी दुपारची जेवणे उरकता उरकता ग्रंथपालबाई आल्या. दर दोन महिन्यांनी त्या वाचनालयातल्या जखमी पुस्तकांची पिशवी घेऊन येत, आणि पिशवीच्या आधी त्यांचा आवाज दुकानात शिरे.

"काका, रुग्ण आणलेत! सातजण आहेत. दोघांचा कणा मोडलाय, एकाला वाळवीनं खाल्लंय, आणि हा बघा, ह्याची शेवटची पानंच गेलीत."

"कुणी फाडली?"

"फाडली नाहीत हो, झिजली. लोक शेवटापाशी येतात, डोळे पुसतात आणि त्याच ओल्या बोटांनी पान उलटतात. कागद बिचारा किती सोसणार? आता जो परत करायला येतो तो माझा जीव खातो. पुढे काय झालं, बाई, पुढे काय झालं! मी तोंडी सांगायला बसले तर वाचनालयाला कुलूप लावावं लागेल."

काकांनी पुस्तक हातात घेतले, आणि डोळ्यांनी नाव वाचण्यापूर्वीच हातांनी ते ओळखले. तो जाड पिवळसर कागद, ती आखूड टाक्यांची शिवण. शिवण त्यांचीच होती. पुस्तक होते होडीवालीची कादंबरी.

"छापखाना कधीचा बंद पडलाय," बाई सांगत होत्या. "दुसरी आवृत्ती निघालीच नाही. तुमच्याकडेच बांधलं होतं ना हे? एखादा सुटा फर्मा राहिला असेल तर बघा की अडगळीत."

"माझ्याकडे अडगळ नसते."

"कळलं हो, तुमच्या दुकानात धूळसुद्धा रांगेत बसते. पण बघा तरी."

बाई गेल्या. काका मेजापाशी उभेच राहिले. अडगळीत शोधण्यासारखे काही नव्हतेच. त्या कादंबरीचा शेवटचा फर्मा मेजाच्या मधल्या खणात, तपकिरी कागदात गुंडाळलेला, अकरा वर्षे होता, आणि तो तिथे आहे हे काका एक दिवसही विसरले नव्हते.

फर्मा म्हणजे काय, ते येथे सांगितले पाहिजे. छापील मोठा ताव तीनदा दुमडला की सोळा पृष्ठांची एक घडी होते. तिच्या कडा तेव्हा बंद असतात आणि आतले काही वाचता येत नाही. असे पंधरा-वीस फर्मे क्रमाने रचून एकाच दोऱ्याने शिवीत नेले, शेवटी त्या दोऱ्याला गाठ मारली, की ग्रंथाचा देह सिद्ध होतो. मग कडा कापायच्या, मग पुठ्ठ्याचे वस्त्र चढवायचे. या घरात घड्या घालण्याचे काम पत्नीकडे होते. ती डावखुरी. डाव्या हातात हाडाची गुळगुळीत पट्टी धरून ती घडीवरून अशा मार्दवाने फिरवी, की आपण दुमडले गेलो हे कागदाला उमगतही नसावे. कामाची घाई असली की शेवटच्या गाठीही तीच मारी, आणि तिची गाठ उजवीकडे वळायच्या ऐवजी डावीकडे वळे.

"उलटी गाठ," काका चिडवीत.

"सुटत नाही ना? मग झालं," ती म्हणे.

उस्तादांचा दंडक तिला लागू नव्हता. दुपारी घड्यांचे काम संपले की ती मोठ्याने वाचायला बसे आणि काका शिवीत असत. वाचन तिचे, श्रवण यांचे. अशा रीतीने स्वतः एक पानही न वाचता काकांनी शेकडो कादंबऱ्या ऐकल्या होत्या, आणि प्रत्येक पात्र त्यांच्या कानांत तिच्याच आवाजात बोलत असे, खलपुरुषसुद्धा.

मग तिने अंथरूण धरले. डॉक्टरांनी काकांना बाजूला नेऊन दोन-तीन महिन्यांची मुदत सांगितली. काकांनी खोलीत येऊन तिला सांगितले, "अशक्तपणा आहे म्हणाले." ती "बरं" म्हणाली. त्याच सुमारास या कादंबरीच्या बांधणीचे काम आले होते. पुठ्ठ्याचा भार तिच्या हातांना पेलवेना, म्हणून काकांनी तिला नुसती शिवलेली एक प्रत दिली, बिनपुठ्ठ्याची, कडाही न कापलेली. हाडाच्या पट्टीने एकेक बंद पान सोडवीत ती वाचू लागली. पडद्याआडून तिचा आवाज येई, अलीकडे यांचे दाभण चाले.

नदीवर जन्मभर होडी चालवणाऱ्या एका बाईची ती कथा. पहिल्या दहा फर्म्यांत तिने किती माणसे पार नेली, किती भांडणे होडीतल्या होडीत मिटवली, याला गणती नाही. काका शिवता शिवता मोठ्याने हसत. पुढे होडीवालीला धाप लागू लागली. वल्हे जड झाले. त्या पानांपाशी पडद्यामागचा आवाज मंदावला, आणि काकांचे दाभण थांबले. दुसऱ्या दिवशी छापखान्यात तयार फर्मे आणायला गेले असता त्यांनी मशीनमनला गाठले.

"हिचं पुढे काय होतं रे?"

"कुणाचं?"

"होडीवालीचं."

मशीनमन पोट धरून हसला. "काका, तुम्ही कधीपासून पुस्तकातलं विचारायला लागलात? जाते ती. शेवटच्या फर्म्यात जाते. आमच्या तपासनिसानं डोळे पुसत पुसत मुद्रितं तपासलीत."

त्याच दुपारी, ती झोपलेली असताना, काकांनी उशाशी पडलेली प्रत उचलली, शिवणीचा शेवटचा दोरा कापला आणि शेवटचा फर्मा अलग केला. तोवरच्या सदतीस वर्षांत त्यांनी ग्रंथ जोडलेच होते. तोडला तो हा एकच. ती जागी होईल या धास्तीने मोकळ्या राहिलेल्या दोऱ्याला पुन्हा गाठ मारायची असते, हे शिकाऊ माणसालाही ठाऊक असलेले कर्तव्य त्या दिवशी त्यांच्या ध्यानातून गेले.

चार दिवसांनी ती म्हणाली, "अहो, ह्यात शेवटचा फर्माच नाही."

"नाही? राहिला असेल. उद्या आणतो छापखान्यातून."

उद्याचा परवा झाला, परवाचा आठवडा झाला. कधी मशीन बिघडले, कधी कागद संपला, कधी मशीनमन रजेवर गेला. दिवेलागणीला तिचा प्रश्न ठरलेला.

"आला का हो फर्मा?"

"मशीन बंद आहे गं."

"माझ्यापेक्षा तुमचं मशीनच जास्त आजारी दिसतंय. त्यालाही अशक्तपणाच आहे का?"

काका हसले, आणि खळ ढवळायला हवी असे काहीसे पुटपुटत पडद्याबाहेर गेले. खळ त्या दिवशी केलेलीच नव्हती.

मग एका संध्याकाळी ती म्हणाली, "राहू दे तो फर्मा. तुम्हीच सांगा शेवट."

"मी? मला काय येतंय?"

"इतकी पुस्तकं बांधलीत. एक शेवट नाही बांधता येत?"

काका खुर्चीवर बसले. आयुष्यात प्रथमच ते कथा सांगत होते. "मग काय होतं, की पलीकडच्या तीरावरून एक वैद्य येतो. फार मोठा वैद्य. औषध देतो. ती बरी होते. मग ती दोघं नवी होडी करतात."

"कसल्या लाकडाची?"

"सागाच्या."

"जड होईल की. बरं, मग?"

"मग काय. सुखानं राहतात."

"छान बांधलीत," ती म्हणाली. "शिवण जरा सैल आहे, पण छान." आणि थोड्या वेळाने, "तिचा नवरा तिला काहीच विचारत नाही का हो?"

"काय विचारायचं?"

"नाही, सहज म्हटलं."

त्यानंतर नवव्या दिवशी ती गेली. काकांनी ती अपुरी प्रत न उघडता एका स्वच्छ फडक्यात बांधली आणि कपाटात तिच्या लुगड्यांखाली ठेवली. फर्मा खणातच राहिला. तो टाकवेना आणि वाचवेना. आपण केले ते योग्यच केले, जाणाऱ्या जिवाला क्लेश होऊ दिला नाही, असे ते मनाला सांगत. मन ऐके, पण खण उघडताना हात मधल्या खणाला वळसा घालून जाई.

आज मात्र वळसा घालून चालणार नव्हते. काकांनी खण उघडला. तपकिरी कागद सोडवला. फर्म्याच्या कडा अकरा वर्षांपूर्वी होत्या तशाच बंद होत्या. वाचनालयाच्या प्रतीत बसवण्यापूर्वी जुळणी पाहणे भाग होते, आणि त्या प्रतीच्या शेवटच्या उरलेल्या पानाचा कोपरा आकड्यासकट झिजून गेलेला. तेव्हा या पानावरचे शेवटचे वाक्य पुढच्या पहिल्या ओळीशी जुळते का, एवढेच पाहायचे. काकांनी हाडाची पट्टी घेतली आणि पहिली घडी सोडवली. कागदाचा बारीक भुसा मांडीवर पडला. वाक्य जुळले. दंडकाप्रमाणे डोळा तेथेच उचलायला हवा होता.

तो उचलला गेला नाही.

होडीवाली खोपटात पडून आहे. नवरा घरभर वावरतो, काढे उकळतो, "बरी होशील" म्हणतो, आणि तिच्याकडे पाहत मात्र नाही. पहिली तीन पृष्ठे एवढेच. काकांचे कान तापले. चौथ्या पृष्ठावर नवरा हातातले भांडे खाली ठेवतो, तिच्या पायांपाशी बसतो आणि विचारतो, तुला भीती वाटते का गं? ती म्हणते, वाटत होती. आता तू विचारलंस, आता कमी वाटते. आणि मग अकरा पृष्ठे दोघे नुसते बोलतात. होडीची कोणती फळी पाणी घेते, ते ती सांगते. पाणी ओसरले की प्रवाह कुठे वळतो, ते सांगते. कोणता उतारू पाण्याला भितो आणि त्याच्याशी सारखे काहीतरी बोलत राहावे लागते, ते सांगते. चाळीस वर्षांपूर्वीचे एक भांडण उकरून काढतात आणि त्यात चूक कोणाची होती यावरून पुन्हा भांडतात, आणि हसून हसून तिला ठसका लागतो. तिचे जाणे शेवटच्या पृष्ठावर आहे, एका वाक्यात. त्यानंतर उजाडते, पैलतीरी माणसे खोळंबलेली असतात, तिने सांगून ठेवले होते म्हणून तो होडी पाण्यात लोटतो. पुस्तक तेथे संपते.

काकांनी फर्मा मिटला. रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला, समोरच्या घरात कुणीतरी पाण्याचा नळ जोराने सोडला. ज्या एका वाक्याच्या भयाने त्यांनी सोळा पृष्ठे तोडली होती, त्या वाक्याने त्यांना काही केले नाही. त्यांना जायबंदी केले ते त्या अकरा पृष्ठांनी. इतके बोलणे त्यांच्या घरातही बाकी होते. त्यासाठी वेळही होता. चांगले दोन महिने होते. त्या दोन महिन्यांत ते मशीन बिघडवीत राहिले.

बऱ्याच वेळाने ते उठले. हा फर्मा जिथला आहे तिथेच आधी शिवायचा, असे त्यांच्या मनाने घेतले. वाचनालयाचे पुढे पाहता येईल. कपाटातले गाठोडे काढून त्यांनी मेजावर सोडले. पुठ्ठा नसल्याने ग्रंथाचा कणा उघडाच होता. दोरा कापलेल्या जागी मोकळे टोक लोंबत असेल, शेजारचे दोन-चार फर्मेही आतापर्यंत ढिले झाले असतील, अशा अपेक्षेने त्यांनी दाभण आणि नवा दोरा हाताशी घेतला होता.

फर्मे ढिले झाले नव्हते. कापलेल्या दोऱ्याला गाठ मारलेली होती. लहान, घट्ट, टोक नीट छाटलेली गाठ. आणि ती डावीकडे वळली होती.

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. गाठ डावीकडेच वळलेली राहिली.

जिने जन्मभर फर्मे दुमडले आणि मोजले, तिच्या बोटांना जाडीतला सोळा पृष्ठांचा फरक कळला नसेल? राहून गेलेला फर्मा कोणता आणि शिवलेला असून कापून काढलेला कोणता, हे तिने दोऱ्याच्या टोकावरून पहिल्याच क्षणी ओळखले असणार. आणि तिच्यापासून शेवट दडवावा असे नवऱ्याला का वाटले, हे ओळखायला तर पुस्तकही नको होते. तिने सगळे ओळखले, कुणाला न सांगता त्याच्या हातून राहिलेली गाठ मारली, उरलेले पुस्तक सुटू दिले नाही. आणि मग रोज दिवेलागणीला, हसत, चिडवत, थकलेल्या आवाजात विचारत राहिली, आला का हो फर्मा. ती फर्मा मागतच नव्हती. ती त्यांना रोज एकेक संधी देत होती. आणि ते रोज सांगत होते, मशीन बंद आहे.

काकांनी मेजाची कड धरली. तोंडातून जो स्वर निघाला तो त्यांनी स्वतःच्या गळ्यातून पूर्वी कधी ऐकला नव्हता. पत्नीला पोहोचवून आल्यावरही ते असे रडले नव्हते. तेव्हा निदान आपण तिला सांभाळले, हा आधार होता. सांभाळले तिने होते. त्यांच्या खोटेपणालासुद्धा.

फर्मा शिवायचा तर ती गाठ सोडवावी लागणार होती. काकांनी दाभणाचे टोक गाठीपाशी नेले. गाठीच्या पोटात ते शिरेना. थोडा जोर केला असता तर शिरले असते. "सुटत नाही ना?" असे कुणी विचारल्याचा भास त्यांना झाला की तो आठव होता, कोण जाणे, पण त्यांनी दाभण खाली ठेवले, ग्रंथ फडक्यात बांधला, आणि तो शेवटचा फर्मा वाचनालयाच्या झिजलेल्या प्रतीला शिवायला घेतला. बाराच टाक्यांचे काम होते. त्याला दिवे लागेपर्यंत वेळ लागला, कारण डोळे सारखे भरत होते आणि खळीने माखलेल्या हातांनी ते पुसता येत नव्हते.

दुसऱ्या दिवशी ग्रंथपालबाईंनी पुस्तक उघडून पाहिले आणि आनंदाने मेजावर थाप मारली. "सापडला! म्हटलं नव्हतं, अडगळीत असेल?"

"अडगळीत नव्हता. घरात होता."

"कडा तर आत्ताच सोडवलेल्या दिसतात. वाचलात की काय?" बाई थट्टेनेच म्हणाल्या.

"हो."

"अगंबाई! आज सूर्य कुठून उगवला म्हणायचा?" आणि मग काकांच्या चेहऱ्याकडे नजर जाताच त्यांचा आवाज उतरला. "काका, बरं नाही का?"

"बाई, एखादं आजारी माणूस हे पुस्तक मागायला आलं, तर त्याच्या घरची माणसं म्हणतील, हे नको, ह्याचा शेवट वाईट आहे."

"म्हणतात की. गेल्याच महिन्यात एकजण म्हणाले. मी दुसरं दिलं मग, विनोदी."

"हेच द्या. आणि घरच्यांना सांगा, आधी तुम्ही वाचा. लवकर वाचा."

बाईंना नीटसे कळले नसावे. पण त्यांनी मान डोलावली, आणि एरवी जाताना चार वाक्ये टाकणाऱ्या त्या बाई त्या दिवशी पिशवी छातीशी धरून निमूट गेल्या.

काकांनी दुकानाचे दार अर्धे लोटले. पडदा सारून ते राहत्या खोलीत आले, फडक्यात बांधलेला तो अपुरा ग्रंथ पलंगाच्या भिंतीकडच्या बाजूला ठेवला आणि खुर्ची ओढून पलंगाच्या अगदी जवळ बसले. अकरा वर्षांपूर्वी वैद्याची आणि सागाच्या होडीची गोष्ट सांगायला बसले होते तसे. फडक्यावर हात ठेवून त्यांनी विचारले,

"तुला भीती वाटत होती का गं?"

उत्तर यायला जितका वेळ लागावा, तितका वेळ ते थांबले. मग त्यांनी पुन्हा विचारले.